गोळी फुकट, पण एसटी सात वाजता

आमच्या वाडीत एक काकी आहेत, नाव नको घालायला, वय साठीच्या पुढे, अंगाने पोफळीसारख्या सरळ नि किडकिडीत, आणि मागच्या चतुर्थीला मी बीपीचं मशीन घेऊन गावी गेलो तेव्हा त्यांचं वरचं बीपी १७६ निघालं. खालचं १०२. मी घाबरलो, त्या नाही घाबरल्या. "माका काय झाला नाय रे, डोक्या जरा जड वाटता, ता काय रोजचाच." गोळ्या चालू आहेत का विचारलं तर हो म्हणाल्या, आणि देवघराच्या फळीवरून बोर्नव्हिटाचा जुना डबा काढून दाखवला. आत सगळ्या गोळ्या अर्ध्या केलेल्या, विळीवर, अगदी मधोमध. महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवायच्या म्हणून.

मुंबईतल्या एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला अडाणीपणा आहे हा, सरकार फुकट गोळ्या देतंय आणि ह्यांना जाऊन आणता येत नाहीत. मलाही आधी तसंच वाटलेलं, खोटं कशाला बोलू. मग मी काकींबरोबर बसून हिशोब केला.

गोळी फुकट, बरोबर. आरोग्य केंद्र ११ किलोमीटरवर. वाडीतून खाली स्टॉपवर यायला पंचवीस मिनिटं, येताना चढ म्हणून चाळीस. एसटी सकाळी सातची, ओपीडी सुरू होते नऊच्या पुढे, परतीची गाडी दीडला. म्हणजे एका गोळीच्या पाकिटासाठी सकाळी सहा ते दुपारी अडीच. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, चांगली गोष्ट आहे, पण दीडची गाडी आलीच नाही तर अर्धं तिकीट कशाचं, मग तीनशे रुपये देऊन स्पेशल रिक्षा. त्यात काजूचा सीझन असेल तर त्या दिवसाची मजुरी गेली. आणि हे सगळं करून तिथे पोचल्यावर "डॉक्टर आज मीटिंगला गेलेत, उद्या या" असं दोनदा झालंय. आता ह्या हिशोबात गोळी अर्धी करणं हा अडाणीपणा आहे का? मला तर ती बाई चांगलीच हिशोबी वाटली. हिशोब तिच्या मेंदूच्या नसांना परवडणारा नाही एवढंच.

तर आजचा विषय हाच. माणसाची कमाई किती आणि माणूस राहतो कुठे, ह्या दोन गोष्टींवरून त्याला कुठले आजार होणार, तो काय खाणार, काय चघळणार, डॉक्टरकडे कधी जाणार हे बरंचसं ठरतं. सगळं नाही ठरत हां. पण आपण ज्याला "सवय" म्हणतो नि वर "स्वतःचीच चूक" म्हणून शिक्का मारतो, त्यातलं खूप काही खिशातून आणि पत्त्यातून येतं.

आधी जोखीम म्हणजे काय ते थोडक्यात. जोखीम एका माणसाबद्दल भविष्य सांगत नाही. तुमचे आजोबा रोज विडी ओढून नव्वद वर्षं जगले असतील, प्रत्येक घरात असा एक आजोबा असतोच, त्याच्यामुळे काही सिद्ध होत नाही. जोखीम म्हणजे शंभर विडीवाले आणि शंभर बिनविडीवाले घेतले तर कुठल्या शंभरात जास्त जण लवकर जातात, एवढंच. गर्दीचा हिशोब आहे तो.

आता कमाई. बहुतेकांना वाटतं की गरीब आजारी पडतो आणि बाकीचे सगळे ठीक असतात, म्हणजे मध्ये कुठेतरी एक भिंत आहे, भिंतीच्या अलीकडे धोका आणि पलीकडे आराम. तसं नाहीये. तो जिना आहे, आणि प्रत्येक पायरीवर फरक पडतो. हे सगळ्यात ठळकपणे दिसलं ते लंडनमध्ये. १९६७ पासून तिथल्या सरकारी नोकरांचा एक अभ्यास सुरू झाला, व्हाइटहॉल अभ्यास म्हणतात त्याला, पुढे मायकेल मार्मट ह्या डॉक्टरांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं. सुमारे १८ हजार पुरुष. गंमत बघा, ह्यातला एकही माणूस उपाशी नव्हता, सगळे पगारी, सगळे ऑफिसात, उपचार सरकारी नि फुकट. तरी सगळ्यात खालच्या ग्रेडचे शिपाई, दरवान लोक हृदयविकाराने मरायचं प्रमाण सगळ्यात वरच्या साहेबांच्या साधारण तिप्पट. आणि साहेबाच्या लगेच खालच्या पायरीवरचा, तोही चांगला मोठा अधिकारी, तोसुद्धा साहेबापेक्षा जास्त धोक्यात. मग लोक म्हणाले की खालचे लोक सिगारेटी जास्त ओढत असतील. ओढत होतेच. पण सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशोबात धरलं तरी त्या फरकाचा जेमतेम एक तृतीयांश उलगडला. उरलेलं काय? १९८५ मध्ये दुसरा अभ्यास सुरू झाला, ह्यावेळी बायकाही घेतल्या, आणि त्यात एक गोष्ट वारंवार पुढे आली, ती म्हणजे स्वतःच्या कामावर स्वतःचा ताबा किती. काम किती आहे ह्यापेक्षा, ते कधी, कसं, कुठल्या वेगाने करायचं हे तुमच्या हातात आहे का. ज्यांच्या हातात काहीच नाही त्यांचं शरीर सतत सावध राहतं, आणि वर्षानुवर्षं सावध राहिलेलं शरीर झिजतं.

हे वाचलं तेव्हा मला लंडन नाही आठवलं, आमच्या बंदरावरचा खलाशी आठवला. बोट कधी सुटणार तांडेल ठरवणार, किती दिवस पाण्यात ते मासा ठरवणार, मासा किती भावाने जाणार ते दलाल ठरवणार, आणि वारा फिरला तर सगळंच रद्द. त्याच्या हातात काय, तर तंबाखूची पुडी.

तंबाखूवरून मशेरीवर येतो, कारण हे कोकणात राहून टाळता येत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तंबाखू तव्यावर भाजायचा, काळा पडेपर्यंत, मग कुस्करून भुकटी करायची आणि ती बोटाने दातांना, हिरड्यांना लावायची. लहानपणी परसात कुणी तवा ठेवला की आख्ख्या वाडीला ठसका लागायचा. माझी आजी पहाटे उठली की चूल पेटवायच्या आधी मशेरी. मग दुपारची भांडी घासून झाली की एकदा. मग संध्याकाळी दिवे लावायच्या आधी. "दात दुखत नाय, पॉट साफ होता," हे कारण. दोन्ही गोष्टी थोड्या खऱ्याच आहेत, निकोटिनने आतडी हलतात आणि दुखणं जरा बधिर होतं, म्हणून तर ती सुटत नाही. पण आजीने एकदा वेगळंच कारण सांगितलं जे मी विसरलो नाही. ती म्हणाली, मशेरी लावताना बाईमाणूस बसलेलं असलं तर कोण काय बोलत नाही. नुसती बसली तर सासू विचारते बसलीस का. म्हणजे दिवसभरात हक्काने टेकायची तेवढीच दहा मिनिटं. वर भूक मरते, आणि भूक मरणं हे ज्या घरात बाई सगळ्यात शेवटी जेवते तिथे सोयीचंच.

ह्याच्यावर तुम्ही तोंडाच्या कॅन्सरचं पोस्टर लावा, ती बाई पोस्टरकडे बघेल आणि मशेरी लावेल. पोस्टर चूक नाही, कॅन्सर होतो, गरोदरपणी लावली तर मूल कमी वजनाचं होतं, सगळं खरं. फक्त घरी भाजलेल्या मशेरीच्या डबीवर इशाऱ्याचं चित्र छापलेलं नसतं, आणि तुम्ही तिला जे सोडायला सांगताय त्याच्या बदल्यात ती दहा मिनिटं कोण देणार हे पोस्टरवर लिहिलेलं नसतं.

आकडे हवे असतील तर, २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातल्या फेरीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्यात ओढणारे अगदी थोडे, ३.८ टक्के, बाकी सगळा भर चघळणं-लावणं ह्यावर. तेरेखोलची खाडी ओलांडून पलीकडे गेलात की गोवा, तिथे ९.७ टक्के. तोच समुद्र, तेच फिश करी राईस, बोलीसुद्धा जवळची, आणि तंबाखू निम्म्याहून कमी. गोव्याचं दरडोई उत्पन्न देशात अगदी वरच्या रांगेत, शिक्षण जास्त, वगैरे. चला, म्हणजे पैसा आला की तब्येत सुधारली, विषय संपला?

थांबा. २०२३ मध्ये आयसीएमआर-इंडियाब नावाचा मधुमेहाचा मोठा अभ्यास छापून आला. त्यात देशात सगळ्यात जास्त मधुमेह कुठे? गोव्यात. २६.४ टक्के प्रौढ. देशाची सरासरी ११.४ टक्के. (तिकडे तंबाखू २६.६ नि इकडे मधुमेह २६.४, आकडे जुळले हा निव्वळ योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नका.)

म्हणजे पैसा एक आजार काढून घेतो आणि दुसरा हातावर ठेवतो. हे समजायला अर्थशास्त्र नको, आपल्या गावातच बघा. आजोबा नांगर धरायचे, नाचणीची भाकरी नि कुळथाची पिठी, बंदरावर जायचं तर चालत. मग घरात मुंबईचा पैसा आला. आधी मनीऑर्डरने, आता फोनवर. पैसा आल्यावर पहिली गेली ती नाचणी, कारण नाचणी म्हणजे गरिबी असं आपल्या डोक्यात बसलेलं. मग बाईक आली, चालणं गेलं. मग बेकरीचे टोस्ट, खारी, फरसाण, चहात तीन चमचे साखर, पाहुण्याला चार. शरीर तेच राहिलं, आजोबांच्या उपाशी काळात घडलेलं.

ह्यातला "उपाशी काळात घडलेलं" हा भाग जरा सावकाश सांगतो, कारण ते नुसतं भावनिक वाक्य नाहीये. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी आयुष्यभर ह्याच गोष्टीवर काम केलं. त्यांनी आणि जॉन युडकिन ह्या ब्रिटिश डॉक्टरांनी २००४ साली स्वतःचेच फोटो छापले, शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखा, २२.३. बघायला दोघं सारखेच सडपातळ. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. म्हणजे आपला माणूस वरून बारीक आणि आतून चरबीवाला. आणि ते कशामुळे, तर त्यांच्या कामातून दिसतं की ह्याची सुरुवात आईच्या पोटात होते. आई अर्धपोटी, मूल जन्मतः कमी वजनाचं, तरी त्यात चरबी जपलेली आणि स्नायू कमी. असं मूल पुढे पोटभर जेवायला लागलं की साखरेला लवकर बळी पडतं. आता परत माझ्या आजीकडे जा, सगळ्यात शेवटी जेवणारी, मशेरी लावून भूक मारणारी बाई, तिच्या पोटी जन्मलेला मुलगा गिरगावात की लालबागमध्ये नोकरीला लागला, दोन वेळ जेवायला लागला, आणि पंचेचाळिशीत त्याला डायबेटीस निघाला. त्याने काय पाप केलं? तो फक्त जेवला.

अजून एक गुंता. श्रीमंतांचा आजार म्हणून सुरू झालेली गोष्ट श्रीमंतांकडेच राहत नाही. पैसेवाल्याला कळलं की तो जिमला जातो, भात कमी करतो, एअर फ्रायर घेतो. आजार जिन्यावरून खाली उतरतो. ह्याच इंडियाबवाल्यांना आधीच्या टप्प्यात दिसलं होतं की पुढारलेल्या राज्यांच्या शहरांमध्ये मधुमेह आता खालच्या थरात जास्त आहे. महाराष्ट्र त्यात आलाच. चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या माणसाला स्वस्तात पोट भरायला वडापाव आहे, चालायला फुटपाथ नाही, आणि नाचणी आता त्याच्या वाण्याकडे तांदळापेक्षा महाग आहे. नाचणीच्या बिस्किटांचं पाकीट बघितलंत का कधी, किंमत बघून आजोबा हसले असते.

आणि आकडे वाचताना एक खबरदारी घ्या. "तुम्हाला बीपी आहे का, शुगर आहे का" असं नुसतं विचारून काढलेले आकडे गरिबाला निरोगी दाखवतात. ज्याची तपासणीच झाली नाही तो "नाही" म्हणणार ना. काकी दोन वर्षांपूर्वीपर्यंत "नाही"च म्हणत होत्या. इंडियाबने घरोघर जाऊन रक्त तपासलं, म्हणून ते आकडे मी जास्त धरतो.

आता पत्ता. कोकण कोकण म्हणून आपण एक करून टाकतो पण जुनी माणसं खलाटी आणि वलाटी असे दोन शब्द वापरायची, खलाटी समुद्राकडची सखल, वलाटी सह्याद्रीच्या पायथ्याकडची. पंचवीस-तीस किलोमीटरचं अंतर, आणि आजार वेगळे.

खलाटीत मीठ. जून-जुलै मासेमारी बंद, मग सुके बांगडे, सुकट, खारा मोरी, वर लोणचं आणि फणसाचे-पोह्याचे पापड. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, सगळ्या दिवसाचं. एका जेवणात खारा बांगडा, लोणचं आणि वर भातावर मीठ घेणाऱ्याने तो चमचा दुपारीच संपवला. मी हे लिहितोय आणि मला स्वतःला सुक्या बांगड्याचा वास आठवून तोंडाला पाणी सुटलंय तेव्हा उपदेशाचा प्रश्नच नाही. पण सुका मासा हा पावसाळ्यातला हाताशी असलेला स्वस्त प्रोटीन आहे हे लक्षात घ्या, ज्याच्याकडे पैसे आहेत तो जुलैत चिकन आणतो.

वलाटीत वेगळंच. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली. हा मूळ कर्नाटकातला, शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात १९५७ साली सापडलेला विषाणू, पसरतो गोचिडीमुळे. गोचीड चावते कुणाला? ज्याला जंगलात जावंच लागतं त्याला. काजू वेचायला, लाकडं आणायला, पातेरा म्हणजे सुका पाला गोळा करायला. जानेवारी ते मे हाच काजूचा सीझन आणि हाच गोचिडीचाही. बागायतदार हा पुण्यात राहत असेल तर त्याला माकडताप होत नाही, तो त्याच्या कामगाराला होतो. एकच काजूबाग, एकच गोचीड, मालकी आणि मजुरी ह्यावरून ठरतं कुणाच्या पायाला चिकटणार.

लेप्टोचंही, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस ह्या तापाचंही, तसंच. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून जिवाणू चिखलात येतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून आत. लावणीच्या चिखलात दिवसभर उभं राहायचं तर पायाला भेगा असणारच. गमबूट घाला म्हणतात, एकदा घालून चिखलात लावणी करून बघा, पाऊल उचलत नाही. म्हणून प्रतिबंधक डॉक्सीसायक्लिनची गोळी पावसाळ्यात वाटतात, ती घेणं सगळ्यात सोपं. पण ताप आल्यावर "पावसात भिजलो, व्हायरल असेल" म्हणून लोक चार दिवस काढा पितात आणि लेप्टोला तेवढे चार दिवस पुरतात.

विंचवाची गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पूर्ण होणार नाही. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. तेव्हा लाल विंचू चावून गंभीर झालेल्या शंभर जणांपैकी चाळीसेक मरायचे. पेशंट घामाने निथळतो, बीपी वर जातं, मग फुप्फुसात पाणी होतं, तोंडाला फेस. बावस्करांनी पेशंटच्या उशाशी बसून एकेक गोष्ट टिपली आणि प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त बीपीची गोळी वापरली, मृत्यू एक-दोन टक्क्यांवर आले. लॅन्सेटमध्ये छापून आलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण माझा मुद्दा आधीचा आहे. विंचू चावतो कुणाला? जो चिऱ्याच्या गडग्यात हात घालतो, लाकडाच्या ढिगातून फाटी काढतो, कौलं उतरवतो, जमिनीवर झोपतो, अनवाणी चालतो. स्लॅबच्या घरात पलंगावर झोपणाऱ्याच्या आयुष्यात विंचू येतच नाही. म्हणून मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांत ह्यावर फारसं कुणाला संशोधन करायचं सुचलं नव्हतं, तिथे तो पेशंट दिसतच नव्हता.

ह्या गोष्टीला एक नाव आहे. ज्युलियन ट्यूडर हार्ट म्हणून वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावातले एक डॉक्टर, त्यांनी १९७१ मध्ये लिहिलं की चांगली वैद्यकीय सेवा जिथे तिची गरज सगळ्यात जास्त असते तिथे सगळ्यात कमी मिळते. उलटा नियम. आपल्याकडे तर तो कागदावरच छापलेला आहे. सरकारी निकष असा की सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांमागे एक, उपकेंद्र ५ हजार किंवा ३ हजारांमागे. ऐकायला ठीक. पण घाटावर गाव म्हणजे एका जागी गोळा झालेली घरं. कोकणात गाव म्हणजे दहा-बारा वाड्या, एक वाडी सड्यावर, एक खाडीकाठी, एक पऱ्ह्याच्या म्हणजे ओढ्याच्या पलीकडे, पावसात साकव, त्यावरचा छोटा पूल, बुडाला की तीही तुटली. निकषाने डोकी मोजली, चढ नाही मोजला.

हार्ट अटॅकमध्ये हे सगळ्यात क्रूरपणे कळतं. रक्तवाहिनी बंद पडली की हृदयाचा तो भाग मिनिटामिनिटाने मरत जातो, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी पहिल्या एक-दोन तासात मिळाली तर फायदा सगळ्यात जास्त. आता दक्षिण सिंधुदुर्गातला माणूस गंभीर झाला की गाडी कुठे वळते? बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजला, म्हणजे दुसऱ्या राज्यात. रत्नागिरीकडचा घाट चढून कोल्हापूर, नाहीतर हायवेने मुंबई. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत आता सरकारी मेडिकल कॉलेजं झालीत, फरक पडेल, पण शेजारच्या गावच्या एका तात्यांना छातीत दुखायला लागलं तेव्हा आधी गॅस समजून सोडा-लिंबू, मग भगत नाही पण "पोटात वायगोळा" म्हणणारी शेजारीण, मग गाडीवाला शोधणं, मग तालुक्याला ईसीजी, मग पुढे न्या. साडेपाच तास. वाचले ते, पण आता माडावर चढत नाहीत, अंगण झाडताना बसतात. तेच तात्या दादरला राहत असते तर आज माडावर चढले नसते, हे खरं, पण जिना चढले असते.

बरं तात्यांच्या ऑपरेशनचा खर्च महात्मा फुले योजनेत झाला, ती योजना खरंच अनेक घरं वाचवते. तरी बरोबर राहिलेल्या मुलाची आठ दिवसांची मजुरी, घरी दूध कोण काढणार, ह्याचं बिल कुठे लावणार.

बायकांचं वेगळं सांगायला हवं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेच्या वर बायका होत्या. देशभर मुली कमी पडतात आणि आपल्याकडे बायका जास्त, ह्यात शाबासकीसारखं फार काही नाही, पुरुष मुंबईला गेलेत एवढाच त्याचा अर्थ. मागे राहिलेली बाई शेत, गुरं, सासू, चूल सगळं एकटी बघते. चूल म्हणजे धूर. गॅस आलाय घरोघर, पण लाकूड परसात फुकट आणि सिलिंडर पैशाचा, म्हणून गॅसवर चहा आणि चुलीवर भात, आंघोळीचं पाणी, गुरांची पेज. आयुष्यात विडी न ओढलेल्या बायकांना विडीवाल्यासारखा दमा होतो तो ह्यामुळे. नवरा मुंबईहून रिटायर होऊन येतो शुगर घेऊन, बायको त्याला भेटते फुप्फुसं काळी करून, आणि तपासणीची फाईल मात्र एकाचीच असते, त्याची.

शेवटचा एक अभ्यास, कारण काकींच्या डब्याशी त्याचा संबंध आहे. तमिळनाडूतले ४६४ ऊस शेतकरी, २०१३ मध्ये छापलेला. तोच शेतकरी, ऊस तुटायच्या आधी हातात पैसा नसताना आणि ऊसाचे पैसे आल्यावर, दोन्ही वेळी त्याला विचार करायच्या चाचण्या दिल्या. पैसे आल्यावर तोच माणूस जास्त हुशार निघाला. म्हणजे तंगीत अक्कल कमी होत नाही, ती पैशाच्या विवंचनेत अडकून पडते, बाकीच्या गोष्टींना उरत नाही. ह्या अभ्यासातल्या काही निष्कर्षांवर नंतर शंका घेतल्या गेल्या, पण मला तरी तो पटतो कारण मी काकींना मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये बघितलंय. मे महिन्यात आंबा-काजूचे पैसे असतात, तेव्हा त्या स्वतःहून विचारतात, डोळे तपासून घेऊ काय. ऑगस्टमध्ये गोळी अर्धी होते.

मग काय चाललंय ते सांगतो. गोळ्यांबद्दल आशाताईशी बोललो, ती तशीही आठवड्यातून एकदा वाडीत येते. तिने केंद्रात सांगितलं, आता ती येताना सात-आठ जणांच्या गोळ्या पिशवीतून आणते. कुठली योजना नाही, एक पिशवी आहे. आरोग्य सेविकेने महिन्याऐवजी दोन महिन्यांच्या एकदम द्यायला सुरुवात केली. मीठ अजून तेवढंच आहे, मशेरीबद्दल मी तोंड उघडलं नाही.

ह्या चतुर्थीला परत मशीन नेलं. पडवीत रांग लागली, मुंबईची नि गावची सगळी, दोन चाकरमानी स्वतःच्या गोळ्यांचे पाऊच घेऊनच आले होते. काकी शेवटी बसल्या, पदराला हात पुसून हात पुढे केला. १३८. खालचं ८६.

"किती इला?"

चांगलं आलं म्हटलं, एकदम चांगलं.

"मगे आता गोळ्यो बंद करू?"

नको नको, गोळ्या घेताय म्हणूनच एवढं आलंय, बंद केल्या की परत वर जाईल, जन्मभर घ्यायच्या. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मग रस्त्याकडे.

"आशाचा लगीन ठरला हा दिवाळीत, ती जातली मालवणाक. मगे कोण हाडतलो?"